केसालाही धक्का

पडदेवाल्या ताईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग कायम बसलेला असतो. पण ज्या मांजरीपायी तो गेले कित्येक महिने तिथून उठलाच नाही, तिला मात्र नावालाही नाक नाही. चपट्या तोंडावर दोन नाकपुड्या तेवढ्या आहेत, त्याही कुणीतरी पेन्सिलीनं टोचल्यासारख्या.

ताई घरीच पडदे शिवतात. बाहेरच्या खोलीत भिंतभर लांब टेबल, त्यावर कापडाचे तागे, डब्यात पितळी रिंगा आणि खिडकीपाशी मशीन. दवाखाने, हॉटेलं, नाटकाचं थिएटर, सगळ्यांच्या खिडक्या ताईंनी झाकल्या. स्वतःचं तोंड मात्र कधी झाकलं नाही. जे असेल ते समोरच्याच्या तोंडावर.

ही मांजर ताईंची नव्हे, भावजयीची. भावजयीनं नवा फ्लॅट घेतला, त्यात दुधी रंगाचा सोफा घेतला आणि सोफ्याला शोभेल म्हणून दुधी रंगाची पर्शियन मांजर घेतली. मांजरीचे आजे-पणजेसुद्धा कागदावर लिहून मिळाले होते. भावजयीला स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलंत तर ती छताकडे बघेल. मांजरीचं नाव ठेवलं ‘प्रिन्सेस’. पाहुणे आले की प्रिन्सेसला उचलून सोफ्यावर ठेवायचं, पाहुणे गेले की खाली. तीही बिचारी बारीक बारीक पावलं टाकत कोपऱ्यात जाऊन बसायची. “खानदानी चाल आहे बरं,” भावजय सगळ्यांना सांगायची, “बघा कशी ठुमकत चालते.”

एकदा भावजयीला बाहेरगावी फिरायला जायचं होतं. ताईंचा धाकटा भाऊ टोपली घेऊन दारात उभा राहिला. लग्न झाल्यापासून ‘हो’ या एकाच शब्दावर त्याचं भागतं, त्यामुळे बोलायचं काम बायकोनंच केलं. एरवी ही बाई ताईंना ‘यांची बहीण’ म्हणते, काम निघालं की ‘वन्सं’. “चारच दिवस हं, वन्सं,” ती म्हणाली, “फक्त हिच्या केसालाही धक्का लागता कामा नये.”

ताई मनात म्हणाल्या, आता मांजराचे केसही सांभाळा. दुसऱ्या दिवशी चडफडतच तिला टेबलावरून उचललं, पोटाखाली हात घातला आणि थबकल्या. आयुष्य कापड चाचपण्यात गेलेली बाई, हाताला लागलेली वस्तू ओळखायला डोळे लागत नाहीत. वरून रेशीम होतं आणि खाली जाड लोकरीचा बुरणूस. काखेत, पोटावर, मांड्यांच्या मधे केसांच्या गाठी एकमेकींना घट्ट चिकटून जाड थर झाला होता. कंगवा लावला तर तो आत जाईना, आणि मांजरीनं असा सूर काढला की ताईंनीच कंगवा फेकला.

फोन लावला. भावजय म्हणाली, नेहमी विंचरत होते की, शाम्पूनं आंघोळही घालत होते. गाठींवर पाणी पडलं की त्या आणखी आवळतात, हे तिच्या गावीही नव्हतं. आणि मग तिनं ते वाक्य टाकलं, जे ताई अजून दिसेल त्याला ऐकवतात: “वरून फिरवायचा हो कंगवा, खालचं कोण बघतंय?”

जिचा सगळा धंदा पडद्याच्या अस्तरावर उभा, तिला ‘खालचं कोण बघतंय’ विचारायचं! ताईंनी फोन ठेवला, मांजर टोपलीत घातली आणि तडक प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली.

डॉक्टरीणबाईंनी तिला उताणी केली आणि एकेक गाठ बोटांनी चाचपली. कात्री लावायची सोय नव्हती, कारण गाठीबरोबर कातडीही वर ओढली गेली होती. मशीननंच सगळे केस उतरवावे लागणार होते. ताईंनी विचारलं, ही अशी ठुमकत चालते ते? “ठुमकत नाही चालत,” बाई म्हणाल्या. “मांड्यांच्या गाठी कातडी ओढतात. याहून लांब पाऊल टाकलं की दुखतं तिला.”

ताईंचा चेहरा असा झाला की डॉक्टरीणबाईंनी त्यांनाही खुर्ची दिली.

केस उतरले, तेव्हा खाली गुलाबी कातडीवर लाल चट्टे निघाले. डोकं तेवढं सिंहाचं, बाकी सोललेला बटाटा. घरी आल्यावर ती दिवसभर निजली. मग उठली, पाय ताणले आणि टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पळाली. रिंगांचा डबा खणखणत खाली. “अगं भवानी,” ताई ओरडल्या, आणि रिंगा वेचता वेचता डोळेही पुसून घेतले. प्रिन्सेसची भवानी झाली ती तेव्हा.

चार दिवसांचे पंधरवडे झाले, मग भावजय उगवली. घरी पार्टी होती, सोफा रिकामा दिसत होता. भवानीला बघून ती मागेच सरली.

“हे काय केलंत? केसालाही धक्का लावू नका म्हटलं होतं ना मी?”

“नाहीच लावला,” ताई म्हणाल्या आणि फळीवरची पिशवी तिच्या हातात दिली. “सगळे जसेच्या तसे निघालेत, एका तुकड्यात. सोफ्यावर मांड.”

भावजयीनं पिशवीत डोकावलं आणि ती खाली ठेवली. मांजरीला हात लावला नाही. चट्टे कसले, विचारलं नाही. “केस आले की कळवा,” म्हणाली आणि गेली. पडदा मळला तर माणूस निदान धुवायचं तरी बघतो, असं ताई पुढे आठवडाभर जिना चढणाऱ्या-उतरणाऱ्या प्रत्येकाला सांगत होत्या. कुणी नुसतं ‘काय म्हणता’ विचारलं तरी ऐकून घ्यावं लागे.

मग रोजचा नेम बसला. सकाळी मशीन सुरू व्हायच्या आधी गॅलरीत बसून ओल्या कापसानं भवानीचे डोळे पुसायचे, कारण त्या चपट्या तोंडावर पाणी साचून राहतं. मग कंगवा, तोही पोटापासून, पाठ सगळ्यात शेवटी. तोंडाचा पट्टा चालूच. “त्यांचं मांजर, त्यांचा थाट आणि कंगवा माझ्या हातात.” काळ्या मखमलीचा पडदा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यावरचे केस काढायला चिकटपट्टीचा रूळ फिरवण्याचं नवं काम वाढलं, त्याबद्दलही भावजयीचाच उद्धार.

केस वाढत गेले. फोन येत गेले. आले का केस? “कुठले गं, कुसळं आहेत नुसती,” ताई सांगत, आणि मांडीवरची ढगाएवढी भवानी टकामका बघत असे. मांजर डोळे मिटून दूध पिते म्हणतात. इथे मांजरीचे डोळे उघडे आणि थापा मारणारीचे मिटलेले.

आणि एक दिवस न कळवता भाऊ आला. ऑफिसच्या कपड्यांत, हातात तीच टोपली. भवानी निळ्या मखमलीच्या ताग्यावर ऐसपैस पसरली होती, आणि ताईंच्या हातात कंगवा. लपवायला जागाच नव्हती. पडदे इतके, पण एकही उपयोगाचा नाही.

भाऊ टोपली ठेवून स्टुलावर बसला. भवानी लांब लांब टांगा टाकत आली, मांडीवर चढली आणि उताणी झाली. त्यानं पोटाखाली हात घातला. बोटं अडकली नाहीत. तो पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिला. ताई कंगव्याचे दात मोजल्यासारख्या त्याच्याकडे बघत होत्या, आणि आज पहिल्यांदाच त्यांना शब्द सुचत नव्हता.

भावाचा फोन वाजला. पलीकडून काय विचारलं गेलं ते कळायला ऐकायची गरज नव्हती. भावानं भवानीकडे बघितलं, घसा साफ केला.

“नाही गं. अजून टकलीच आहे. शेपटीसुद्धा. नाही, मला नाही वाटत आता येतील.”

फोन खिशात गेला. कुणीही बहीण अशा वेळी भावाच्या पाठीवरून हात फिरवते. ताईंना वाचा फुटली.

“टकली? माझ्या मांजरीला, तिच्या तोंडावर, टकली म्हणतोस?”

भाऊ हसला आणि निघायला उठला. तेव्हा ताईंचं लक्ष त्याच्या काळ्या पँटीकडे गेलं. गुडघ्यापासून कमरेपर्यंत लांब लांब पांढरे केस. त्यांनी त्याला दंडाला धरून दारातून मागे ओढलं आणि टेबलावरचा रूळ उचलला.

“सरळ उभा राहा. यातला एक जरी घरी गेला ना, तर त्या केसानंच गळा कापेल ती आपल्या दोघांचा.”