एरंडेलातलं सोनं

आमच्या प्रयोगशाळेत किस्से साठायचे ते पंपामुळे. चेंबर बंद करून पंप चालू केला की आतली हवा निघेपर्यंत दुसरं काही करता येत नाही. मग चहा येतो, आणि चहाबरोबर कुणाची तरी फजिती. मी कमी बोलते, त्यामुळे सगळ्यांच्या फजित्या माझ्याकडेच जमा होत गेल्या.

'नॅनो' हा शब्द तेव्हा कोल्हापुरात नुकताच पोचला होता. काम सांगायला सोपं. निर्वात चेंबरमध्ये वर सोन्याची चकती, खाली वाटीत तेल. थोडा आर्गॉन वायू सोडून वीज लावली की जांभळा उजेड पडतो, चकतीतले अणू उडून तेलात येतात आणि त्यांचे इतके बारीक कण बनतात की सोनं पिवळं न दिसता लाल दिसतं. म्हणजे, दिसायला हवं.

लग्न होऊन मी उचगावला आले तेव्हा पीएच.डी. अर्ध्यावर होती. सासूबाईंना घरात सगळे अव्वा म्हणतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं की दिवाळीपर्यंत प्रयोगशाळेत जा. तोवर काही झालं तर बघू, न्हायतर घरच्या दुकानाला माणूस हवंच हाय. नवऱ्यानं मान डोलावली. कुणाच्या बाजूनं, ते मला अजून कळलेलं नाही.

मी अव्वांना प्रयोग समजावला. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "आणि परत पिवळं कोण करणार?"

*

चकती गुजरीतल्या सराफाकडून करून घ्यायची होती. सोन्याचं काम म्हणून माझ्या गाईड सरांनी मला पाठवलं; बाकी सगळे पुरुष. सराफानं माझं नवं मंगळसूत्र बघून उत्साहानं पेंडंटचे ट्रे काढले. मी म्हटलं, गोल हवं, सपाट हवं, नक्षी नको, कडी नको, भोकही नको.

"मग घालायचं कसं, ताई?"

मी म्हटलं, मला नाही, मशिनला.

सराफानं ट्रे एकेक करून आत ठेवले. "नशीब काढलंय की मशिननं."

*

तेल कुठलं, तर एरंडेल. निर्वातातही ते सहसा उडून जात नाही. मी राजारामपुरीत औषधाच्या दुकानात गेले आणि अख्खा खोका मागितला. दुकानदार वयस्क होते. त्यांनी खोका काढला, माझ्या हातातला हिरवा चुडा बघितला, आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरात किती माणसं हायत?"

चार, मी म्हटलं.

त्यांनी खोका परत वर ठेवला आणि एक बाटली पुढं सरकवली. "आधी एवढ्यावर बघा."

*

संदीप आमचा सीनिअर, पन्हाळ्याचा, सदा घाईत. तेल चेंबरमध्ये ठेवण्याआधी तापवून त्यातली हवा काढावी लागते. त्यानं ते टाळलं आणि पंप चालू केला. तेल दूध उतू जावं तसं फसफसलं, वाटीबाहेर आलं आणि चेंबरभर झालं. आम्ही काचेच्या खिडकीतून नुसतं बघत राहिलो. सर मागं येऊन उभे राहिले, त्यांनीही बघितलं.

"संदीप, आता बेसन कालव."

चेंबर पुसण्यात दसरा आला. मी मनात दिवाळी मोजत होते.

*

खंडेनवमीला आमचे शिपाई तुकामामा सगळ्या मशिनची पूजा करतात. त्या वर्षी चेंबरचं झाकण नुकतंच पुसून उघडं ठेवलेलं. मामांनी भक्तिभावानं झाकणाच्या रबरी रिंगलाच हळदकुंकू लावलं. दसऱ्यानंतर पंप लावला, तर हवा काही निघेना. दोन दिवस गळती शोधल्यावर रिंगवर कुंकू सापडलं. सर रागवत नाहीत, पण त्या दिवशी म्हणाले, मामा, पुढच्या वर्षी पूजा लांबून करायची.

मामांनी विचार केला. "करतो की. पण मग आशीर्वाद पन लांबनंच यील."

*

वसुबारसेच्या आदल्या दिवशी अव्वा स्वतःच प्रयोगशाळेत आल्या. बाजाराला आलते, म्हणाल्या. हातात पिशवीबिशवी काही नव्हतं. त्या दिवशी नेमका पंप नीट चालला होता. मी त्यांना खिडकीशी उभं केलं. आत जांभळा उजेड, खाली वाटी. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि बराच वेळ बघितलं.

वीज बंद केली, चेंबर उघडलं. वाटीतलं तेल लाल होतं. डाळिंबाच्या रसासारखं. संदीपनं ते लहान बाटलीत ओतून अव्वांच्या हातात दिलं.

अव्वांनी बाटली उजेडात धरली, तिरकी केली, सरळ केली.

"ह्यात सोनं हाय?"

"हाय की," सर चक्क कोल्हापुरीत बोलले.

"हिनं केलं?"

"हिनंच."

अव्वांनी एकदा त्या अवाढव्य मशिनकडं बघितलं, एकदा बोटभर बाटलीकडं. मग सरांना म्हणाल्या, "एवढ्याशानं काय भागतंय, सर? दिवाळी झाली की हिला धाडते. तवर तुम्ही जरा मोठं भांडं बघून ठेवा."