कुत्र्याचा श्रावण

आमच्या दादाइतका कडक श्रावण लालबागमध्ये कोणी पाळत नसेल. म्हणजे घरात. त्याच्या ऑफिसखाली ऑम्लेट-पाव मिळतो, तिथे श्रावण पोहोचत नाही. स्वतःच्या जिभेला सूट देणाऱ्या या धर्मात्म्याने गेल्या वर्षी उपास लादला तो कुत्र्यावर.

डास चावला की कुत्र्याच्या रक्तात जंत शिरतात आणि थेट हृदयात जाऊन वाढतात. तसं होऊ नये म्हणून महिन्याला एक गोळी असते. आमच्या चाळीत गॅलरीभर पाण्याची पिंपं, शेजारी टॉवरसाठी खणलेला खड्डा, त्यामुळे डासांची चंगळ. गोळ्या मी आणायचे आणि भरवायचा दादा, कारण कुत्रा त्याच्याच हातून खायचा. जिन्यात दादाची चप्पल वाजली की शेपटीने दार बडवायचा.

गटारीला दादाने यथेच्छ मटण हाणलं, कुत्र्यालाही नळी घातली. दुसऱ्या दिवशी त्याने गोळ्यांच्या पाकिटावरचं वाचलं. मटणाच्या चवीची गोळी! पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेलं, आणि मला कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. गणपती गेल्यावर तेच पाकीट काढून तो म्हणाला, "चल रे, सुटला तुझा उपास," तेव्हा मला कळलं.

"दादा, गटारीपासून एकही गोळी दिली नाहीस?"

"श्रावणात वशाट? घरात गणपती येतो आपल्या! आणि डास काय आपल्याला चावत नाहीत? काय झालं आपल्याला?"

वहिनीने मान डोलावली. गॅलरीतल्या चौघांनीही डोलावली. मूर्खपणाला आमच्याकडे साक्षीदार लगेच मिळतात.

परळच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, लागण झाली असली तरी इतक्यात तपासणीत दिसणार नाही, गोळ्या सुरू करा आणि सहा-सात महिन्यांनी रक्त तपासा. दादाला तेवढंच पुरलं. "ठणठणीत आहे बघ," असं तो शिमग्यापर्यंत ऐकवत राहिला. मग कुत्रा जिना चढताना खोकायला लागला. डॉक्टरबाईंनी रक्ताचा थेंब पट्टीवर टाकला आणि दुसरी रेघ उमटली.

"पट्टी जुनी असेल," दादा म्हणाला.

त्यांनी नवी पट्टी फोडली. तीच रेघ.

आता इंजेक्शनं चालू आहेत. मरणारे जंत फुप्फुसात अडकले तर जीव जाऊ शकतो, म्हणून कुत्र्याने धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, फार आनंदसुद्धा करायचा नाही.

दादाचा मला राग आला होता आणि अजून आहे. पुण्य कमवायला त्याला मुकं जनावरच सापडलं.

यंदाचा श्रावण लागलाय. दादा खालीच चपला काढून हातात घेतो आणि भिंतीला धरून अनवाणी वर येतो. शेजारी विचारतात, हे कसलं व्रत? आत कुत्रा दाराकडे तोंड करून बसलेला असतो. त्याला झोप लागेपर्यंत दादा बाहेर जिन्यातच बसून राहतो.