एका नंबरावर दोन बायका

माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडच्या दवाखान्यात ठरलं होतं. त्याच दवाखान्याचं कॉम्प्युटरचं काम माझी सून लातुरात घरी बसून करते. त्यांची एक शाखा लातुरातही आहे. मी चौथी शिकलेली. तिचं काम मला कळत नाही. पण काम करताना ती तोंडानं बोलत असते, त्यामुळं कानावर पडतं.

त्या दुपारी ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघून राहिली होती.

"आत्या, हा इंडेक्स लातूरला चांगला दाखवतोय अन् नांदेडला बिघडलेला."

मी विचारलं तेव्हा तिनं समजावलं. दवाखान्यानं पेशंटला दिलेला नंबर टाकला की तो झटकन सापडावा म्हणून कॉम्प्युटर आतल्या आत नंबर लावून ठेवतो, तो इंडेक्स. एका नंबरावर दुसरं माणूस बसू न देणं, हेही त्याचंच काम. नांदेडच्या यादीत तो होता, पण पुढं शेरा होता: ग्राह्य नाही.

"मग नवा बनव की."

"बनवला होता. मधेच अडला. मग मी परत सांगितलं, नसला तर बनव. तर म्हणाला, आहे आधीच. मला वाटलं झालं काम."

"अडलेल्या अर्धवटालाच तो आहे म्हणाला?"

"हाव."

"अन् तू बघितलं न्हाईस."

"न्हाई."

तिनं तो अर्धवट काढून टाकला आणि नवा बनवायला लावला. पुन्हा अडला. या वेळी तिनं कारण वाचलं: एकाच नंबरावर दोन माणसं. नंबर बघून ती माझ्याकडं वळली. नंबर माझा होता. माझे कागद तिनंच भरले होते. दुसरी बाई लोहा गावची, गुडघ्यासाठीच भरती झालेली. माझं रक्त बी गटाचं, तिचं ओ. तिला बी गटाचं रक्त चढलं तर जीव जाईल, असं सून म्हणाली, आणि त्या बाईचं ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळीच होतं.

ज्या मशीनच्या भरवशावर मी गुडघा कापून घ्यायला निघाले होते, ते आम्हा दोघींना एक समजत होतं.

"चढवायच्या आधी रक्त तपासतात, आत्या," ती हळूच म्हणाली.

"म्हणून तू गप बसणार?"

"साहेबांना काय सांगू? नोकरी जाईल माझी."

"गेली तर जाऊ दे. आधी वॉर्डात फोन लाव."

तिनं लावला. नर्सबाईनं त्या बाईचा कागद वाचून दाखवला. रक्तगट बी, म्हणजे माझा. रक्ताची पिशवीही बीचीच मागवलेली. सुनेनं तिला दोघींचा नंबर एकच झाल्याचं सांगितलं. माझ्या तोंडून शिवी निघाली, कुणाला ते मलाच ठाऊक नाही.

त्या बाईचं रक्त लगेच पुन्हा काढलं. तासाभरानं नर्सबाईचा फोन आला: ओ. पिशवी परत पाठवली.

"आता तुम्हा दोघींतल्या एकीचा नंबर बदलावा लागेल," सून म्हणाली.

"माझा बदल. ती उद्या टेबलावर जाणार, तिच्या कागदाला हात लावू नको. अन् माझंही रक्त परत तपासायला सांग."

मग तिनं साहेबांना फोन लावला. मला वाटलं, मशीनवर ढकलेल.

"सर," ती म्हणाली, "इंडेक्स अर्धवट राहिला होता. मी न बघता झालं म्हणून सोडून दिलं."

पलीकडून आरडाओरडा ऐकू येत होता. तिनं फोन कानापासून दूर धरला, पण ठेवला नाही.