कम्प्युटर काढला, पंप ठेवला

आमच्या घरात एक कायदा आहे. घरच्या माणसाची चूक परक्यासमोर कधी कबूल करायची नाही. गाडी बिघडली तर चूक मिस्त्रीची. टमाटे सडले तर चूक टमाट्यांची. मला बारावीला इंग्रजीत कमी मार्क पडले, तेव्हा मोठेबाबांनी, म्हणजे बाबांच्या मोठ्या भावानं, पेपर तपासणाऱ्याची अक्कल काढली होती, आणि मी पेपर अर्धा कोरा ठेवून आले होते! "हे असं काऊन?" असं लहानपणी एकदा विचारलं, तर उत्तर मिळालं, "विचारायचं नाही."

आता माझी फजिती ऐका. चहा गार होऊ देऊ नका. मी एकदाच सांगणार आहे. दुसऱ्यांदा सांगायची माझ्यात हिंमत नाही.

आमचं गाव तेलंगणात, नेरडीगोंड्याजवळ, हायवेपासून आत. घरचा धंदा भाजीपाल्याचा. टमाटे, वांगी, मिरची आम्ही पिकवायची आणि निर्मलच्या बाजारात नेऊन टाकायची. त्यासाठी एक छोटा ट्रक आहे. जुना, पेट्रोलवर चालणारा, पण इंजेक्शनचा. म्हणजे इंजिनात किती पेट्रोल सोडायचं ते एक कम्प्युटरची डबी ठरवते. त्या डबीचा मोठेबाबांना कोण अभिमान! पाहुणा आला की त्याला पाणी द्यायच्या आधी ते सांगणार, "आमच्या गाडीत कम्प्युटर हाय." सगळं गाव त्या ट्रकला कम्प्युटरच म्हणतं. "कम्प्युटर धुतला का?" "कम्प्युटरात खत भरा."

तर या पावसाळ्यात कम्प्युटरातला कम्प्युटर जळाला. उंदरानं तारा कुरतडल्या होत्या. निर्मलच्या दुकानात सांगितलं, हे मॉडेल आता येत नाही, डबी मिळणार नाही. ट्रक कडुलिंबाखाली उभा. कोंबड्या त्यावर चढून बसायच्या. टमाटे शेजाऱ्याच्या टेम्पोतून जात होते आणि शेजारी रोज मोठेबाबांना विचारत होता, "काय मग, कम्प्युटर झोपला काय?"

मी तेव्हा नुकतीच फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले होते. घरी बसून व्हिडिओ बघायचे. एकात मला उपाय सापडला. इंजेक्शन काढून टाकायचं आणि कार्बोरेटर बसवायचा! कार्बोरेटरला कम्प्युटर लागत नाही. अडलाच तर खोला, फुंक मारा, लावा.

मोठेबाबांनी कपाळावर हात मारला.

"लोकायच्या पोट्ट्या शिकून कम्प्युटर घरात आणतात. आमची शिकली अन काढून टाका म्हणून राह्यली!"

"मोठेबाबा, जळालेला कम्प्युटर आहे तो. त्याची काय आरती करायची?"

"तोंड पाहा हिचं," बाबा म्हणाले. बाबा एवढंच म्हणतात. मोठेबाबा असताना त्यांच्या वाट्याला एवढंच वाक्य येतं.

तीन दिवस भांडले मी. ट्रक चालवायचा परवाना काढून वर्ष झालं होतं, पण चावी काही हातात मिळत नव्हती. शेवटी मोठेबाबा वैतागले. "ठीक हाय. कर तुले काय करायचं ते. गाडी चालली तर चावी तुझी, टमाटे तूच निर्मलले ने. नाही चालली तर गाडी भंगारात, अन पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही. कबूल?"

कबूल! कबूल म्हणजे काय, मी तर उडी मारली.

काम दिलं राजन्ना मिस्त्रीला. हायवेवर त्याचं पत्र्याचं शेड आहे. कमी बोलणारा, साठीतला माणूस. सगळ्या मंडळाची, म्हणजे तालुक्याची, वाहनं त्याच्या हातून गेलेली. त्यानं आदिलाबादच्या भंगारातून आमच्याच इंजिनाचा जुना भाऊ शोधून काढला, त्याचा कार्बोरेटर, त्याच्या खालचं जोडकाम, स्पार्क वाटणारा डिस्ट्रिब्युटर, सगळं आणलं आणि आमच्या अंगणात ट्रकखाली आडवा झाला. मी डोक्याशी उभी. व्हिडिओ हातात. त्याला सूचना देत होते! चाळीस वर्षं जो माणूस इंजिनं खोलतोय, त्याला मी सांगत होते की बोल्ट कुठल्या बाजूला फिरतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ट्रकखालून बाहेर आला आणि म्हणाला, "बिड्डा, अब टंकी उतारना पडता. अंदर का पंप निकालना." बिड्डा म्हणजे तेलुगूत पोरी.

हे जरा समजून घ्या, कारण माझी सगळी अब्रू या पंपात आहे. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत बसलेला असतो आणि तो पेट्रोल दणक्यात फेकतो. कार्बोरेटरला एवढा दणका चालत नाही. त्याच्यात एक छोटी वाटी असते आणि वाटीत तरंगणारा फ्लोट. घराच्या पाण्याच्या टाकीत कसा गोळा असतो, पाणी भरलं की नळ बंद करणारा? तसाच. तो बिचारा हळू येणारं पेट्रोल अडवू शकतो. दणका नाही.

"टाकी उतरवायला किती वेळ?" मी विचारलं.

"कल पूरा दिन."

उद्या पूर्ण दिवस! उद्या तर सकाळी मोठेबाबांनी पूजेचा मुहूर्त काढला होता. शेजारी येणार होता. टमाटे तोडून क्रेट भरून ठेवले होते.

"अंकल, राहू द्या तो पंप. तार सरळ चावीला जोडा. पेट्रोल थोडं जास्त आलं तर गाडीला काय अपचन होणार आहे?"

"वद्दु बिड्डा. नक्को. प्रेशर जास्ती होता."

आणि मी म्हणाले, ऐका हं, नीट ऐका, मी म्हणाले, "अंकल, प्रेशर मला शिकवू नका. मी फिजिक्स केलंय."

राजन्नानं माझ्याकडे बघितलं. हात पुसले. तार चावीला जोडली. मग म्हणाला, "एक बार चालू करके देखते." पण तिथं मोठेबाबा आडवे आले. मुहूर्ताआधी चावी फिरवायची नाही!

सकाळी अर्धं गाव अंगणात. ट्रकला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं. शेजारी सगळ्यात पुढे, राजन्ना त्याच्या सायकलपाशी. मोठेबाबा नव्या पांढऱ्या धोतरात. त्यांचा हुकूम असा, की नारळ फुटला की त्याच क्षणी इंजिन वाजलं पाहिजे. म्हणून मी आधीच ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसले आणि चावी एक घर फिरवून ठेवली. मागून टाकीतला पंप घुंऽऽ करायला लागला. काय गोड आवाज! मला वाटलं, गाडी माझ्यासाठी गाणं म्हणतेय.

आणि मोठेबाबांनी पूजा सुरू केली.

मोठेबाबांची पूजा तुम्ही पाहिली आहे का? नसेल तर सुट्टी काढून या. गणपती झाला. गावदेवी पोचम्मा झाली. कुलदैवत झालं. मग बासरची सरस्वती, कारण कम्प्युटर काढला म्हणून तिची वेगळी माफी! मग नेरडीगोंड्यापासून निर्मलपर्यंत रस्त्याकडेला जेवढे देव आहेत, तेवढ्यांची नावं, क्रमानं. एकही स्टॉप सोडला नाही. आणि तेवढा वेळ पंप घुंऽऽ, घुंऽऽ.

मग त्यांनी कापूर पेटवायला घेतला. ओसरीवर पेटवला, ताट हातात घेतलं आणि ट्रककडे निघाले.

तेवढ्यात आई म्हणाली, "वैशू, गाडीखाली ओलं काऊन दिसून राह्यलं?"

"पाणी असेल," बाबा म्हणाले.

मी नाक वर केलं. पाण्याला असा वास येत नाही! फ्लोट केव्हाच बुडाला होता. वाटी भरून, कार्बोरेटर भरून, पेट्रोल इंजिनावरून खाली टपटपत होतं. आणि समोरून मोठेबाबा येत होते, डोळे मिटून, ओठांत मंत्र, हातात जाळ.

ओरडायला शब्द सापडला नाही. मी दारातून उडी मारली. चाकं धुवायला ठेवलेली हळदीच्या पाण्याची बादली उचलली. आणि फेकली.

कापूर विझला. ताट गेलं. झेंडू मोठेबाबांच्या डोक्यावर, आणि नवं पांढरं धोतर हळदीला बसलेल्या नवरदेवासारखं पिवळंजर्द!

"पूजेवर पाणी? वैशे, तुले याड लागलं का?"

"पेट्रोल! मागे व्हा सगळे! पेट्रोल गळतंय!"

सगळ्यांनी वास घेतला. सगळे दहा पावलं मागे गेले. शेजारी वीस. आणि मग, जसं दरवेळी होतं तसंच झालं. आमच्या घरातली सगळी तोंडं एकाच दिशेनं वळली.

"राजन्ना!" मोठेबाबा गरजले. "घर जाळायले आला होता काय?"

"एवढंबी येत नाही तर शेड कायले उघडलं?" बाबांना पहिल्यांदाच दुसरं वाक्य मिळालं.

राजन्नानं फक्त माझ्याकडे बघितलं. काल हात पुसताना बघितलं होतं ना, तसंच.

"आमची पोट्टी होती म्हणून वाचलो," मोठेबाबा डोक्यावरचा झेंडू काढत म्हणाले. "शिकलेली हाय. चावी तिचीच! अन या मिस्त्रीकडे या मंडळातली एकबी गाडी जाणार नाही, मी पाहतो. सांग वैशू, सांग सगळ्यायले, चूक कोनाची होती!"

खरं सांगू? मी चार सेकंद गप्प बसले. पाचही असतील. चावी माझी होती. निर्मलचा रस्ता माझा होता. फक्त कायदा पाळायचा होता. आणि कायदा मी थोडाच केला होता?

पण राजन्नानं त्याची पान्यांची पिशवी उचलली आणि सायकलकडे निघाला. मला ते बघवेना.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "त्यांचं नाव मी घेणार नाही. ते म्हणत होते, पंप काढायला पाहिजे. मीच नको म्हटलं. चूक माझी आहे."

मोठेबाबा गप्प. बाबा गप्प. गर्दीतले दोन म्हातारे, जे कधीच गप्प नसतात, तेही गप्प. आमच्या अंगणात "चूक माझी आहे" हे वाक्य याआधी कुणी म्हटलंच नव्हतं. त्यावर पुढे काय म्हणायचं असतं, ते कुणाला माहीत असणार?

आणि त्या शांततेत, सगळ्या गावाला, अगदी स्पष्ट ऐकू आलं.

घुंऽऽऽ.

फिजिक्सवालीनं चावी अजून बंदच केली नव्हती.