अस्मिताचे उपवास

अस्मिता गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुकुंदवाडीत भाजी घेत होते. पिशवी दुकानातच विसरून निघाले. चोविसाव्या वर्षी हृदय थांबलं. डॉक्टर म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं. सगळे रडत होते, मीही रडले. पण खरं सांगते, चादरीखाली ती किती बारीक दिसतेय, याकडं माझं लक्ष गेलं आणि पोटात तीच जुनी जळजळ उठली. मेलेल्या मैत्रिणीवर जळणारी मी एकटीच असेन.

विद्यापीठात एम.ए. करताना आम्ही दोघी उस्मानपुऱ्यात एका खोलीत राहायचो. तिच्या अंगावर कुठलाही ड्रेस शोभायचा. माझ्या कुडत्यांची शिवण शिंप्याकडून उसवून घ्यावी लागायची. साडी डेला फोटो तिचे, पर्स सांभाळायला मी. त्यात तिचे उपवास... सोमवार, गुरुवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी. घरमालकीण मावशी मला ऐकवायच्या, "तिला बघ, किती देवाधर्माचं करती. नाय तर तू!" मग मीही ईर्ष्येनं सोमवार धरला आणि दुपारी साबुदाण्याच्या खिचडीच्या दोन प्लेटा रिचवल्या. ती समोर नुसतं पाणी पीत हसत होती. "असा असतो व्हय गं उपवास?"

एका बुधवारी ती मेसच्या डब्याकडं पाठ करून बसली. "आज काय?" विचारलं, तर म्हणाली, "एकादशी." माझ्या आईनं एकादशी आदल्याच आठवड्यात केली होती. तेव्हा मला काळजी वाटायला हवी होती. तिचे केस मुठीनं गळत होते, भर उन्हात ती स्वेटर घालायची. मला मात्र वाटलं, सापडली चोरी! देवाच्या नावाखाली बारीक राहण्याचं सोंग. तिचं पितळ कधी उघडं पाडता येईल, याचीच मी वाट बघत राहिले.

मग करमाडहून तिची आई आली. काकूंनी मला जिन्यात गाठलं. "लई वाळली गं पोरगी. जेवती ना?"

खरं सांगितलं असतं तर सगळे तिच्याचभोवती गोळा झाले असते. तेही मला बघवलं नसतं. मी म्हणाले, "काकू, तिचे उपवास असतात." काकूंचा चेहरा खुलला. "व्हय, लहानपणापासून देवाची हाय ती." त्या कौतुकावरही मी जळले...

परवा करमाडला गेले. काकूंनी मला ताट वाढलं आणि स्वतः पाण्याचा तांब्या घेऊन बसल्या. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले.

"तुम्ही नाही जेवत?"

"सोमवार हाय. पोरीचे समदे उपवास मी धरलेत. तिचं व्रत अर्धं राहू नाय."

मी हातातला घास ताटात ठेवला. "काकू, ते उपवास नव्हतेच. तिला स्वतःचं अंग जाड वाटायचं, म्हणून ती जेवायची नाही. मला ठाऊक होतं."

काकूंनी तांब्या खाली ठेवला. "मंग तव्हाच का नाय सांगितलंस, बाई?"

मी खाली मान घालून हात धुतले आणि निघाले. मला तुमच्या लेकीचा हेवा वाटायचा, एवढं एक वाक्य तोंडातून फुटलं नाही. काकू रविवारची पुरवणी शेवटच्या पानापर्यंत वाचतात, म्हणून ते इथं लिहिलं.