अर्धा कोयता

मुकादमाने खाली पडलेला आईचा कोयता उचलला आणि माझ्या हातात दिला.

कोल्हारजवळच्या उसाच्या फडात होतो आम्ही. धाकटी झोळीत रडत होती म्हणून आई तिला पाजायला बांधावर बसली होती. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. पाजणारी आई कशातच धरली जात नाही.

"पोरं तुमी काढायची अन् फड आमी थांबवायचा व्हय? आई उठस्तवर तू तोड."

बाकीचे हसले. पाचटाने माझी बोटं चिरली. आईने धाकटीला अर्धपोटी बाजूला केलं आणि येऊन कोयता माझ्याकडून काढून घेतला. रडली नाही. मीही नाही.

मी चौथीत होते. धाकटीला सांभाळण्यात माझं ते वर्ष गेलं. तान्ह्या पोराची किंमत थोरलं पोर भरतं, हे तेव्हा कळलं. पुढच्या हंगामात आईने मला पाथर्डीला वसतिगृहात ठेवलं, झोळी बाभळीला बांधली आणि माझ्या वाटचंही स्वतःच ओढलं. त्यात तिची कंबर गेली. त्या कंबरेवर मी शिकले. आज भिंगारला शाळेत शिकवते.

यंदा श्रावणात आई गेली. दहाव्याला मुकादम आला. चहा प्यायला. मग उठून भिंतीवरचा आईचा कोयता काढला आणि धाकटीपुढे ठेवला. ती आता नववीत आहे. मग तो वडिलांकडे वळला.

"आबा, तुमचा अर्धाच कोयता ऱ्हायला. पोरगी हाताशी आलीया. बापलेकीचा एक पुरा हुतोय."

वडील जमिनीकडे बघत राहिले. धाकटीचा हात पुढे गेला. मोठ्या माणसाने दिलेलं घ्यायचं, एवढंच आम्हाला शिकवलेलं. मीही तसाच घेतला होता.

मी तिचा हात धरला आणि कोयता उचलला.

"हिला पाजत होती तेव्हा तुम्ही आईला उठवलंत. हिच्याकडे तुमचं काही देणं निघत नाही."

तो हसला. "मास्तरीनबाई, बाप एकटा काय तोडंल?"

"अर्धा कोयता. पुरत नसेल तर तोही नेऊ नका."

वडिलांनी मान वर केली.

कोयता मी भिंगारला आणलाय. धाकटीलाही. दसरा झाला की टेम्पो गावात येईल, मुकादम वडिलांना पुन्हा विचारील. वडील हो म्हणाले तरी ती त्यात चढणार नाही. तिला न्यायला तो इथे आला, तर टेम्पोपुढे मी उभी असेन.