तुळशीखालचे टोमॅटो

सुपडूचा अख्खा जन्म यंत्रमागावर गेला. मागांच्या खडखडाटात ओरडून बोलायची सवय अशी जडली, की बायकोला चहा मागितला तरी शेजारणीला वाटायचं, भांडण पेटलं.

असा हा माणूस टोमॅटोशी मात्र हळू बोलायचा. शहराकडेच्या कोसाडच्या कामगार वसाहतीत, जिन्यापाशी, सिमेंटच्या ओट्यावर विटा रचून त्यानं मातीचा वाफा केला होता. मधोमध तुळशीची कुंडी, भोवती टोमॅटो. खानदेशातल्या गावी शेवटच्या भेटीत आईनं पदराची गाठ सोडून ते बी दिलं होतं. उन्हाळ्यात आई गेली. दुसरं बी घरात नव्हतं.

कार्तिकात फुलं आली आणि रोपांनी माना टाकल्या. तहानली असतील म्हणून सुपडूनं पाणी घातलं. सकाळी आणखी मलूल! हातगाडीवर रोपं विकणारा भिकन डोकावला.

"सुपडूभाऊ, मर रोग शे वाटतं. रोग व्हई तं सगळं उपटनं पडी."

आई दुसऱ्यांदा जाणार, असंच सुपडूला वाटलं. पण भिकननं एक खोड कापलं, आतून हिरवं निघालं. मग तो तुकडा पाण्याच्या ग्लासात उभा धरला. रोग असला तर दुधासारखी धार उतरते, म्हणाला. दोघं ग्लासाकडे बघत बसले. पाणी नितळच राहिलं.

मग माती उकरली. खाली नुसता चिखल, कुजकट वास. एवढं पाणी आलं कुठून? तेवढ्यात पूजेची ताटं घेऊन बायका आल्या. कार्तिक महिना, साऱ्या वसाहतीत तुळस ही एकच. प्रत्येकीचा एक तांब्या कुंडीतून थेट वाफ्यात. सुपडूच्या बायकोनं, शोभाबाईनं, तर दोन ओतले.

"अवं, दोन कसाले?" सुपडू ओरडला.

"तुमना टमाटासाठेच तं नवस शे मना!"

भिकन हसून हसून खाली बसला. सुपडूलाही हसू आवरेना, आणि डोळेही भरले; आईच्या बियासाठी आणखी कुणीतरी नवस बोललं होतं. त्यानं तळाची एक वीट काढली. काळं पाणी भळभळ वाहून गेलं, तसा त्याचा जीव भांड्यात पडला. कुंडी पलीकडच्या कट्ट्यावर गेली, नवसासकट.

दोन रोपं गेली. बाकीच्यांनी हळूहळू माना वर केल्या.

पहिला लाल टोमॅटो कुणी खाल्ला नाही. शोभाबाईनं त्याचं बी राखेत सुकवलं आणि पदराला गाठ मारली.